ताटापासून तोंडापर्यंत

पुण्यात एका कंपनीत मी मोटरना सबुरी शिकवते. नीट सांगायचं तर, अर्धांगवायूने लुळा पडलेला हात परत चालू करण्यासाठी व्यायाम करवून घेणारी यंत्रं आम्ही बनवतो, आणि त्यातल्या मोटरने कधी किती जोर लावायचा हे ठरवणारा प्रोग्राम मी लिहिते. हात नुसता उचलून द्यायचा तर त्यात काही अक्कल लागत नाही, ते काम लिफ्टही करते. माणूस स्वतः जेवढं करील तेवढं मोटरने करायचं नाही, उरलेलंच करायचं. त्याचा जोर वाढला की हिने मागे सरायचं. फुकटची मदत मिळत राहिली तर माणूस प्रयत्न सोडतो, आणि मग हात काही शिकत नाही.

बाबांना झटका आल्याचा फोन आला तेव्हा मी अशाच एका मोटरसमोर उभी होते. फोन ऐकला, चालू असलेली चाचणी पुरी केली, फाइल सेव्ह केली आणि मग मालवणच्या गाडीचं तिकीट काढलं. धक्का बसला म्हणून अशी वागली, असं ऑफिसातले लोक समजुतीने म्हणाले. धक्काबिक्का मला काही जाणवला नव्हता. पुढेही बरेच महिने काहीच जाणवलं नाही. झोप लागत होती, जेवण जात होतं, कोणी विचारलं की बाबांच्या तब्येतीची माहिती मी व्यवस्थित देत होते.

माहिती अशी होती की उजव्या हातात ताकद नाही आणि स्पर्शही कळत नाही. ताकद थोडीफार येईल, स्पर्शाचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. तारकर्लीच्या घरी आणल्यावर बाबांनी दोन गोष्टींना साफ नकार दिला. डाव्या हाताने जेवणार नाही आणि चमच्याने जेवणार नाही. बांगड्याच्या कढीत चमचा घालणं हे त्यांच्या लेखी पर्यटकांचं काम. मग आई भरवायची. जन्मभर समुद्रात जाळी ओढलेला माणूस तोंड उघडून घासाची वाट बघत बसायचा. जेवायच्या वेळी शेजारपाजारचं कोणी आलं तर भूक नाही म्हणून सांगायचा आणि उपाशी राहायचा. होडीचं पुढे काय ते पुढे बघता आलं असतं. मला एवढंच हवं होतं की बाबांनी आपल्या हाताने जेवावं.

ऑफिसात एक जुनं यंत्र पडून होतं. परवानगी काढून मी ते घरी आणलं आणि पडवीतल्या टेबलावर बसवलं. कोपराशी एक मोटर, आणि हात ठेवायला पन्हळीसारखी खोबण. ती ताटाच्या उंचीपासून तोंडापर्यंत जायची आणि परत यायची. खोबणीवर हाताचा किती भार पडतो हे एक सेन्सर मोजायचा. भार हलका झाला, म्हणजे माणसाने हात आपला आपण पेलला, असा त्याचा अर्थ. मालवणहून येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी पाहून होकार दिला. पट्टा कसा बांधायचा, बटण कुठलं, हे आईला शिकवून मी पुण्याला परतले. रोजचे आकडे मला मोबाइलवर येत होते.

गणपतीनंतर भार हलका व्हायला लागला. आधी जरासा, मग दिसून येईल इतका. प्रोग्रामने ठरल्याप्रमाणे मोटरची मदत कमी केली, तरी हात वर जातच होता. मी आलेख ऑफिसात दाखवला. सगळ्यांनी अभिनंदन केलं, आणि मी चहा पाजला. दिवाळीला घरी गेले तर आई अजून भरवतच होती.

मला राग आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी आलं, ते हे. हात तोंडापर्यंत जातोय हे मला आकड्यांत दिसतं, मग भरवून घेण्याची हौस कसली, असं मी बाबांना तोडून विचारलं. ते माडांकडे बघत राहिले. आई म्हणाली, जेवू दे त्यांना आधी.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यायामाच्या वेळी मी तिथेच खुर्ची टाकून बसले. पट्टा रुततो म्हणून आईने बाबांच्या हातावर टॉवेल पांघरला, बटण दाबलं आणि शेजारी टेकली. हात वर जाऊ लागला. तिचा डावा हात मांडीवर होता. उजवा दिसत नव्हता. मी टॉवेल उचलला. खोबणीच्या कडेला बाबांचं मनगट तिने खालून तळव्यावर तोलून धरलं होतं.

"ते दमतत गो," ती म्हणाली. "मशीन तेंका वडता, ता माका बघवणा नाय."

म्हणजे मी पुण्यात बसून आईच्या ताकदीचा आलेख काढत होते. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. वर त्या आकड्यांवर विश्वास ठेवून मोटरने आपली मदत काढून घेतली होती, त्यामुळे बाबांच्या वाट्याला धड यंत्रही आलं नव्हतं. मी हे सगळं आईला समजावून सांगितलं. शांतपणे सांगितलं, क्लायंटला सांगते तसं. तुझ्या धरण्यामुळे त्यांचा हात मागे राहतोय, असंही म्हणाले. तिने चटका बसल्यासारखा हात काढून घेतला. आलेख पहिल्या दिवसाच्या जागी येऊन बसला. बाबांनी त्यानंतर जोर लावलाच नाही. मोटर त्यांचा हात वर नेऊन खाली आणत राहिली आणि आई टेबलापासून लांब, उंबऱ्यावर जाऊन बसली.

दुपारची जेवणं झाली. आई भांडी घेऊन मागच्या दारी गेली. मी प्रोग्राम पुन्हा पहिल्यापासून लावत होते. नवीन वेळापत्रक काय, तेही बाबांना सांगत होते. ते ऐकत नव्हते.

"माका कळत होतो तिचो हात," ते मधेच म्हणाले.

दिसत असणार, असं मला वाटलं. तसं मी विचारलं.

"टॉवेलाखाली काय दिसतला? लागत होतो."

माझी बोटं कीबोर्डवर थांबली. स्पर्श परत आला होता. कधी आला ते त्यांच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. यंत्रात ते मोजायची सोय नव्हती, आणि आई आणि मी सगळा वेळ ताकदीकडे बघत बसलो होतो.

"मगे सांगूक नाय कित्या?"

"सांगलंय तर ती हात काढतली."

हात तर मी सकाळीच काढायला लावला होता. मग मला जे येतं ते मी केलं. खुर्ची जवळ ओढली आणि त्यांना डोळे मिटायला सांगितलं. करंगळीला हात लावला, त्यांना कळलं नाही. अंगठा दाबला, नाही. तळव्यावरून नख फिरवलं, तेही नाही. मग आई जिथे धरायची तिथे, मनगटाखाली, मी माझा हात ठेवला.

"हो लागता," ते म्हणाले. डोळे मिटलेलेच होते. "तुजो. तुज्या आयशीचो खरखरीत आसा."

मागच्या दारी भांड्यांचा आवाज चालू होता. तपासणी झाली होती, हात काढून घ्यायला हरकत नव्हती. मी काढला नाही.