हळदी शेडची खरी गोष्ट

चहा आधी संपवा. ऐकता ऐकता ठसका लागला तर मी जबाबदार नाही. आणि ऐकून झाल्यावर माझ्या दुकानात यायचं बंद करू नका, एवढी एक विनंती आहे. कारण मी आज जो पराक्रम सांगणार आहे, तो मी दोन महिने पोटात दाबून ठेवला होता.

वसमतमध्ये माझं बुटीक आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. आधी ते साडी सेंटर होतं. मग बोर्ड रंगवणारा म्हणाला, "आता बुटीक म्हनतेत ताई, सेंटर कोनी म्हनत न्हाई." मी म्हटलं, लिही बुटीक. आतला माल तोच, फळ्या त्याच, करकरणारा पंखाही तोच. पण बोर्ड बदलला आणि बायका चपला दाराबाहेर काढून आत यायला लागल्या. भावसुद्धा हळू आवाजात करायला लागल्या. आमच्या लाईनमध्ये कापडाच्या आधी नाव विकतं, हे मला त्या दिवशी कळलं.

तर झालं असं, की आमच्या प्रज्ञाताईंच्या मुलीचं लग्न ठरलं. प्रज्ञाताई म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर. माझ्या दुकानाची पहिली बोहनी त्यांची. दुकान उघडून आठ दिवस झाले होते, एक गिऱ्हाईक फिरकत नव्हतं, तेव्हा ड्यूटीवरून थेट येऊन त्यांनी साडी घेतली होती आणि दवाखान्यातल्या सगळ्या सिस्टरना माझ्याकडे पाठवलं होतं. ही बाई माझ्याकडे काही मागते म्हटल्यावर मी नाही म्हणणार होते का?

"वैनी," त्या म्हणाल्या, "आमच्या बौद्धांच्यात लग्नाला पांढरं लागतंय. नवरीला बी अन् घरच्या बायांना बी. पन कोन्या बी दुकानात जा, आधी लालभडक शालू काढतेत. पांढरी मागितली की तोंड वाकडं करून खालच्या फळीवरली जुनाट साडी झटकून देतेत. माझ्या लग्नात तसंच झालं. लेकीच्या लग्नात न्हाई होऊ द्यायचं."

"किती पाहिजेत?"

"अकरा. एक नवरीची, धा आमच्या. चांगल्या, चंदेरी काठाच्या. मिळतील का? न्हाई तर मी नांदेडला जाते."

"नांदेडला गेलात तर माझ्याशी गाठ आहे," मी म्हटलं. "मी स्वतः सुरतेला जाते आणि अशा आणते, की मांडवातल्या बायका जेवण सोडून काठ बघत बसतील."

असा मी शब्द दिला. लग्नाला बारा दिवस होते.

सुरतेचं मार्केट तुम्ही पाहिलंय का? माळ्यावर माळे, दुकानाला चिकटून दुकान. आत शिरलं की पांढऱ्या गाद्या, आणि गादीवर बसायच्या आत तुमच्यासमोर साड्यांचा ढीग. तिथल्या शेटला मी पांढरी म्हणाले, तर त्याने मला पांढऱ्याची सतरा नावं सांगितली. मोती, दूध, चांदनी, हाफ व्हाइट, फुल व्हाइट. गेल्या खेपेला जे कापड मी नेलं होतं, तेच या खेपेला नवीन नाव घेऊन वरच्या फळीवर बसलं होतं. मी त्याला म्हटलं, "शेठजी, इसको मैं पहचानती हूँ. पिछले साल इसका नाम दूसरा था." तो गालात हसला आणि त्याने माझ्यासाठी चहा मागवला. व्यापारी चहा मागवतो, तेव्हा समजायचं की आपण त्याला पकडलंय.

अकराच्या अकरा साड्या मी अशा निवडल्या, की त्या शेटलाही घाम फुटला. एकेक घडी उघडायला लावली. काठ तपासला, पदर तपासला, उजेडात धरून सुती-रेशमी धागा बघितला. इतकं करून मी थांबले असते, तर आज तुम्हाला हे सांगायची वेळ आली नसती.

शेटने प्रत्येक साडी प्लास्टिकच्या पिशवीत घालायला घेतली. मी म्हटलं, "प्लास्टिक निकालो. गरमी में पसीना छूटता है, चांदी का काठ काला पडता है."

"बेन, रहने दो. रास्ते में काम आयेगा."

"शेठजी, कपडे का धंदा मैं भी करती हूँ."

त्याने पिशव्या काढल्या. साड्या सुती धोतरात बांधून त्याचं छान गाठोडं झालं. नवरीची साडी सगळ्यांत वर ठेवली, ती चुरगळू नये म्हणून. हे एक शहाणपणाचं काम मी केलं, तेवढं लक्षात ठेवा.

आता गाठोडं न्यायचं कसं? ट्रान्सपोर्टवाले म्हणाले, आठवडा लागेल. मला बसने अंगावर आणता आलं असतं, पण माझ्याकडे दुकानाचं इतर सामान होतं. आणि तेवढ्यात मला आठवलं, की माझा भाऊ दत्ता ट्रक घेऊन गुजरातेतच आलाय. त्याचा ट्रक हिंगोलीच्या मोंढा बाजारातून हळद भरून तिकडे जातो आणि येताना बऱ्याचदा रिकामा येतो. मी फोन लावला.

"दत्ता, माझं एक गाठोडं आणशील?"

"आनतो की आक्का. गाडी रिकामीच येऊन राहिली."

"पांढऱ्या साड्या आहेत बरं. ट्रकमध्ये धूळ फार असते. असं कर, तळावर जरा पाणी शिंपड. अंगणात मारतो तसं. धूळ बसली की मग गाठोडं ठेव."

"पानी मारू?"

"मार. चांगलं मार."

तुमच्या लक्षात येतंय ना? रिकामा म्हणजे हळद उतरवलेला ट्रक. तळाच्या फळ्यांच्या फटीफटीत हळदीची भुकटी. त्यावर मी फोनवरून, स्वतःच्या तोंडाने, पाणी मारायला सांगितलं. आणि त्यावर सुती धोतरातलं गाठोडं. प्लास्टिक तर मी आधीच सुरतेत काढून आले होते.

दत्ता दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाठोडं घेऊन आला. मी त्याला पाणी दिलं, चहा दिला, त्याचं कौतुक केलं. मग गाठ सोडली. पहिली साडी, नवरीची, दुधासारखी पांढरी. दुसरी, तिसरी, चौथी पांढरी. पाचवीच्या कडेला पिवळं बोट लागल्यासारखं दिसलं. सहावीवर ढग उतरला होता. आणि तळातल्या साड्या तर लोणच्याच्या बरणीतून काढल्यासारख्या. अकरापैकी सात गेल्या.

"दत्ता, हे काय?"

"आक्का, तूच म्हनली व्हती चांगलं मार."

मी एक साडी उचलली, मागे मोरीवर नेली आणि कपड्याच्या साबणाने खसाखसा घासली. साबण लागताच ती पिवळी साडी माझ्या डोळ्यांदेखत लाल झाली. मी आणखी साबण लावला. ती आणखी लाल झाली. दत्ता दारात उभा राहून म्हणाला, "आक्का, थांब आता. कुंकू निघून राहिलं त्यातून."

मी पायरीवर बसले आणि खरं सांगते, मला रडू आलं. साड्यांचं काय, पुन्हा आणता येतात. पण प्रज्ञाताईंना खालच्या फळीवरची जुनाट साडी मिळाली होती, म्हणून त्या माझ्याकडे आल्या होत्या. आणि मी त्यांच्यासाठी लोणचं घालून ठेवलं होतं.

सकाळी शेटला फोन केला. "तशाच सात पाठवा, कुरिअरने, ताबडतोब." तो म्हणाला, "बेन, प्लास्टिक में?" मी म्हटलं, "हाँ." त्याने पुढे काही विचारलं नाही, हा त्याचा मोठेपणा.

आता ती सात पिवळी-लाल भानगड लपवायची होती. मी पंखा लावून त्या साड्या काउंटरवर पसरल्या, निदान ओल जाईल म्हणून. आणि नेमक्या त्याच वेळी दारात चपला वाजल्या. प्रज्ञाताई आणि त्यांच्यामागे मंदाकाकू. मंदाकाकू म्हणजे शेजारच्या गावच्या बागायतदार घरातल्या. त्यांच्या पुतण्याचं लग्न होतं आणि आजकाल हळदीच्या कार्यक्रमाला सगळ्या बायकांना सारखं पिवळं नेसायचं असतं.

"वैनी, आल्या का आमच्या?" प्रज्ञाताईंनी विचारलं.

"वाटेत आहेत. चार दिवसांत येतील."

"अन् हे काय?" मंदाकाकूंनी साडी उचलली. कुठे गर्द पिवळी, कुठे फिकट, मधेच पांढरा ढग.

माझ्या डोक्यात काय आलं देव जाणे. शेटची सतरा नावं आठवली असतील. मी गळा साफ केला आणि म्हणाले, "हळदी शेड आहे, काकू. नवीन आलंय. सगळं हातानं. खऱ्या हळदीचं."

"खऱ्या हळदीचं?" त्यांनी साडी नाकाला लावली. "व्हय की. वास येऊन राहिला."

"अन् ही लाल?" काकूंनी दुसरी उचलली.

"ती कुंकू शेड. एकच पीस निघतो."

मंदाकाकू खुर्चीत बसल्या. "सगळ्या दे. कुंकवाची माझ्या थोरल्या जावेला."

मी म्हटलं, आरसा आणते, आणि मागे जाऊन दोन मिनिटं भिंतीला टेकून उभी राहिले. तुम्ही म्हणाल, ही फसवणूक झाली. झाली थोडी. पण मी खोटं काय बोलले, सांगा. हातानं होतं. खऱ्या हळदीचं होतं. सुरतेत जे शेट लोक रोज करतात, ते मी एकदा केलं.

पाचव्या दिवशी सात साड्या आल्या, प्रत्येकी दोन पिशव्यांत बांधलेल्या. प्रज्ञाताईंच्या मुलीचं लग्न थाटात झालं. मी गेले होते. नवरी पांढऱ्या साडीत अशी दिसत होती, की मी तोंड भरून कौतुक केलं आणि मग मला माझंच कौतुक वाटायला लागलं. मांडवातल्या चार बायकांनी माझ्या दुकानाचा पत्ता विचारला. प्रज्ञाताईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "आमच्या वैनीनं आनल्या." मी त्या दिवशी दोनदा जेवले.

इकडे हळदी शेडचा बोलबाला झाला. मंदाकाकूंच्या हळदीचे फोटो मोबाईलवरून फिरले आणि हिंगोलीच्या बायका बसने यायला लागल्या. मी दत्ताला फोन केला. "दत्ता, ट्रक रिकामा कधी येतोय? तळ झाडू नकोस." तोही आता तयार झाला होता. विचारायचा, "आक्का, हलकी शेड पायजे का गर्द?"

मग एक दिवस मंदाकाकू दणदण पायऱ्या चढून आल्या.

"हे काय बाई? काल दुसऱ्या एका हळदीला नेसून आंगनात उभी राहिले, कार्यक्रम चालला चार घंटे उन्हात. पाठ झाली पांढरी अन् निऱ्या पिवळ्या. पाहुनी इचारून राहिली, अर्धीच रंगवली का म्हनून."

आता मी कच्ची राहिले नव्हते.

"काकू, तीच तर डिझाईन आहे. उन्हात बदलते. हळदीला पिवळी नेसायची, मग दोन दिवस वाळत घातली की पूजेला क्रीम साडी तयार. एकीत दोन."

काकू खुर्चीत टेकल्या. "मंग आधी काहून न्हाई सांगितलं? मी उगाच तकलीफ करून घेतली." आणि जाताना आणखी तीन सांगून गेल्या.

इतकं सगळं जिंकल्यावर माणसाला गप्प बसवतं का? परवा प्रज्ञाताई ड्यूटीवरून दुकानात टेकल्या. मी त्यांना चहा दिला आणि सगळं सांगून टाकलं. प्लास्टिक, पाणी, लोणचं, कुंकू, सुरतेहून मागवलेल्या दुसऱ्या सात साड्या, मंदाकाकूंची एकीत दोन, सगळं. सांगताना माझी छाती फुगत चालली होती. त्या घोट घोट चहा पीत ऐकत होत्या.

"म्हंजी," कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "मंदाबाईची साडी उन्हात पांढरी झाली."

"स्वच्छ पांढरी."

"मंग माझ्या साड्या दोन दिवस माडीवर उन्हात टाकल्या असत्या तर?"

मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

"हळदीचा डाग उन्हात जातो, वैनी. आमच्या दवाखान्यात झाडणारी मावशी बी सांगंल. तुमी तर शिरड शहापूरच्या ना? वडलांची हळदच हाय की तुमच्या. लहानपनापासून शिजवली, वाळवली, पॉलिश केली असंल."

"केली की."

"अन् तुमाला हे म्हाईत न्हाई?"

मी पदर सावरला, मान ताठ केली आणि म्हणाले, "ताई, मी फॅशन लाईनमध्ये आहे."