भोकरदनची मिरची अन् झिंग्याच्या टरफलाचं औषध

मोबाईलवर एक व्हिडिओ बघून आमचे मालक म्हणाले, मोठा कॅनच मागवून टाकतो. औषध झिंग्याच्या टरफलातून काढलेलं, मिरचीच्या झाडाला आतून ताकद देतं, पानं आकसवणारा बोकड्या रोग येतच नाही म्हणे. आमच्या घनसावंगीकडच्या रानात एका कोपऱ्यातून मिरचीची पानं आकसायला लागल्ती. या वर्षी दुसरं पीक नाही, जे काय आहे ते तिच्यावरच. म्हटलं, थांबा. व्हिडिओतली झाडं मी आधी हात लावून बघते, मंग पैसे घाला.

सकाळच्या एसटीनं जालना गाठलं. बायांना अर्धं तिकीट, तेवढंच बरं. जीपच्या नादी लागू नका, माणसं कोंबल्याशिवाय हालत नाही. स्टँडवरची भजी खाल्ली, तेल जळकं होतं. तिथून भोकरदनची गाडी, पुढं शेतापर्यंत रिक्षा. भाडं बसायच्या आधीच ठरवून घ्या.

व्हिडिओवाला भाऊ बांधावरच उभा होता. रस्त्याकडच्या ओळी दाखवून राह्यला. पानं रुंद, ताठ. रस्त्याकडची ओळ तर सगळेच चांगली ठेवतात. मी सरळ मधे घुसले.

"ताई, साडी फाटंल!"

"फाटू द्या. आत काय लपवलंय ते बघू द्या."

आतही आकसलेलं एखादंच झाड. तरी माझा विश्वास बसंना.

मंग त्यांच्याकडंच भाकरी अन् ठेचा. ठेच्याच्या मिरच्या भाऊच्या बायकोनं, वहिनींनी, विहिरीजवळच्या वाफ्यातून तोडून आणल्या.

"वहिनी, एवढा प्लॉट सोडून तिकडची का?"

"ती घरची खायची. तिला औषध मारत न्हाईत."

मी ताट बाजूला सारलं. "असं! लोकांना औषधाची अन् घरच्यांना बिनऔषधाची? इख मिसळता काय त्यात?"

वहिनी हसल्या. "इख कशाचं बाई! सासूबाई माळकरी हायत. झिंग्याचं पाणी लागलेली मिरची आमच्या चुलीवर चढत न्हाई."

"अन् बाजारातून नेणारे माळकरी?"

"त्यांना सांगतंय कोण?"

उठून वाफा बघितला. निम्म्या झाडांची पानं आकसून गोळा झालेली. रोपं तीच, पाणी तेच, ऊनही बराबर सारखं.

"भाऊ, व्हिडिओत हा वाफा का न्हाई दाखवला?"

"आजारी झाडं कोण दाखवतंय, ताई?"

"आमची आकसलेली सरळ होतील का? खरं सांगा."

त्यानं मान खाजवली. "बिलकुल न्हाई. हे चांगल्या झाडालाच, रोग यायच्या आधी. आकसलेलं उपटून टाका."

हेही व्हिडिओत नव्हतं.

कॅन नाही, एक बाटली घेऊन आले. दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यातली झाडं उपटली. मालक बांधावरून बघत होते, तोंड कडू करून. मला तरी कुठं गोड लागत होतं, फुलं आल्ती त्यांना. उरलेल्या रानात फवारा मारला.

दोन ओळी मात्र बिनऔषधाच्याच सोडल्यात, फरक बघायला. आमच्या घरात माळकरी कुणी नाही, तरी.