काळ्या गाडीचे गृहस्थ

नेरूळच्या आमच्या सोसायटीतले ते गृहस्थ दर रविवारी आपली काळी गाडी धुतात. फडके जमिनीला लागले, तर ते त्या दिवसापुरते बाद. वाळूच्या एका कणानेही रंगावर ओरखडा उठतो म्हणे. पाइपने पाणी वाया जाते म्हणून मी समितीला उपविधींचा दाखला देऊन तीन पत्रे लिहिली. ते स्वतः दारी आले. "काका, तुमचं बरोबर हाय. आता दोनच बादल्या." गाडी तरीही तशीच चकाकते, याचा मला संताप येतो.

परवा पत्नीने आमच्या गाडीची किल्ली परस्पर त्यांना दिली. "भाऊ, तुम्हीच धुवा. हे भांड्यासारखी घासतात."

माझ्या हातचे ओरखडे बोटाने चाचपून ते म्हणाले, "काकी, काकांनी लय जपलीय गाडी."

हे धादांत खोटे होते. पत्नी मात्र त्यांच्याकडे ज्या कौतुकाने पाहत होती, तसे तिने माझ्याकडे शेवटचे केव्हा पाहिले, हे मला आठवेना.