आषाढातली सही

रेगेन्सबर्ग सोडलं त्या सकाळी निरोप द्यायला एकच माणूस होतं, वरच्या मजल्यावरच्या आजीबाई. काकडीच्या लोणच्याची बरणी माझ्या हातात देऊन, आमची व्हॅन वळेपर्यंत त्या हातातल्या फडक्यानेच टाटा करत होत्या. सहा वर्षांपूर्वी सांगली सोडली तेव्हा स्टँडवर निम्मी गल्ली लोटली होती आणि झाडून सगळे रडत होते. सासूबाई तेवढ्या रडल्या नाहीत. "पोचलीस की आधी जेव, मग फोन कर," म्हणाल्या. यंदा फोन करायच्या आधी मी निम्मी बरणी संपवली.

तुम्हा सांगलीकरांना वाटतं, जर्मनी म्हणजे एकच गाव. रेगेन्सबर्गच्या बायर्न राज्यातून फ्रँकफर्टच्या हेस्सेनला जाणं हे आम्हालाही दुसरा देश गाठण्यासारखंच वाटलं. माझ्या नवऱ्याला, अमोलला, फ्रँकफर्टला चांगली नोकरी लागली, आणि घर विकत घ्यायचं तर इथे की तिथे, हे ठरवायला मी तक्ता मांडला. मी मुळात कॉमर्सची, तक्ता म्हटलं की मला हुरूप येतो. आठवडाभर बसून मी दोन्ही राज्यांच्या इन्कम टॅक्सची तुलना केली. चर्चच्या करात बायर्न एका टक्क्याने स्वस्त निघालं, म्हणून मी विजयी मुद्रेने कागद अमोलपुढे धरला. त्याने तो शांतपणे वाचला. "गेनाऊ, अगदी बरोबर. पण आपण चर्चचे कधी झालो? आणि बाकीचा इन्कम टॅक्स अख्ख्या देशात सारखाच असतो गं."

राहता राहिला घरखरेदीवरचा कर. बायर्नमध्ये साडेतीन टक्के, हेस्सेनमध्ये पाच. फरक मोठा होता, पण पगारवाढ बघून आम्ही निघालो. जूनपर्यंत एस-बान लोकलच्या शेवटच्या टोकाला ओळीतलं एक मधलं घर सापडलं. मागे हातरुमालाएवढी बाग. कर्ज मंजूर झालं, पण बँक कराचे पैसे देत नाही, ते आपल्या खिशातून. आमचा खिसा पाच टक्क्यांपुरता होता, वर दमडी नव्हती.

इथे खरेदीखत नोटारपुढे होतं; त्याच्या ऑफिसातून सहीसाठी जुलैच्या मध्यातली तारीख आली आणि मी माती खाल्ली. कालनिर्णय उघडलं तर आषाढ. सासूबाई घरातलं काहीही मुहूर्ताशिवाय करत नाहीत, हे लग्नापासून पाहिलेलं. त्यांना न विचारताच मी नोटारच्या ऑफिसातल्या बाईंना कळवलं, ही तारीख नको, महिनाअखेरची द्या. कारण काय लिहावं कळेना, म्हणून 'कौटुंबिक' लिहिलं.

दोन दिवसांनी अमोल कँटीनमधून बातमी घेऊन आला. ऑगस्टपासून हेस्सेनमध्ये घराचा कर सहा टक्के. सही जुलैत झाली नाही तर एक टक्का कमी पडणार, आणि विकणाऱ्याकडे दुसरं गिऱ्हाईक तयारच होतं. मी लगेच नोटारच्या ऑफिसात फोन लावला. अख्खं राज्य ऑगस्टच्या आत सही करायला धावत होतं. सोडलेली तारीख कधीच दुसऱ्याला गेली होती, महिनाअखेरही भरली होती. बाई म्हणाल्या, एकच जागा रिकामी आहे, येत्या शुक्रवारी सकाळी, लगेच सांगा. कालनिर्णयात पाहिलं. आषाढच, शिवाय दुसऱ्या दिवशी अमावास्या.

संध्याकाळपर्यंतचा वेळ मागून मी सांगलीला स्काइप लावला. अमोल शेजारी बसला होता, पण आईसमोर तो नेहमी मुका होतो. कर, टक्के, तारीख, सगळं एका दमात सांगून मी शिव्या खायच्या तयारीने बसले. आमची मुलगी मध्येच डोकावून मला म्हणाली, "मामा, वास इस्ट आषाढ?" आषाढ म्हणजे काय ते नंतर सांगते, म्हणून मी तिला पिटाळलं.

सासूबाईंनी चष्मा काढला. "शुक्रवारी जा आणि सही कर. कागदाला कसला आलाय आषाढ? वास्तुशांत श्रावणात करू." मी म्हटलं, "अहो आई, पण अमावास्या..." "ती शनिवारी आहे ना? मग शुक्रवारी दोघं वेळेवर पोचा."

शुक्रवारी नोटारने अख्खा करार मोठ्याने वाचून दाखवला, इथे तसा कायदाच आहे. सत्यनारायणाच्या पोथीसारखा तो ऐकताना आमचे फक्त हात जोडायचे बाकी राहिले होते. अध्यायांच्या शेवटी प्रसाद मात्र नव्हता. सही करून बाहेर पडल्यावर आम्ही दोघं भर रस्त्यात वेड्यासारखे हसलो.

पुढच्या वसंतात सासूबाई आल्या. बागेत ट्युलिप पाहिल्या, तुळस का नाही म्हणून रागावल्या, आणि एका दुपारी मी टपाल फोडत असताना शेजारी येऊन बसल्या. माझ्या हातात नगरपालिकेचं पत्र होतं, ग्रुंडस्टॉयर. "इथली घरपट्टी," मी सांगितलं.

त्यांनी कागद हातात घेतला. मग म्हणाल्या, "सांगलीत विश्रामबागेला आम्हाला एक जागा चालून आली होती. पैसे जमले होते. ह्यांनी आषाढ सरायची वाट पाहिली, तेवढ्यात दुसऱ्याने इसार दिला. मग जमलंच नाही. जन्मभर भाड्याच्या पावत्या जपल्या मी. घरपट्टी पहिल्यांदा हातात घेतेय."

मला रडूच आलं. त्या उठल्या, कागद देवापुढे ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं आणि पर्समधून दुमडलेल्या युरोच्या नोटा काढल्या. येताना सांगलीतच त्यांनी पेन्शनमधून बदलून आणल्या होत्या. मी नको नको म्हणत होते.

"ही एवढी मी भरणार," त्या म्हणाल्या. "घर माझंही आहे."