अर्ध्या गाण्याचा पहिला नंबर

जगातल्या कोणत्याही दोन गोष्टी एका माणसाला सारख्याच आवडू शकतात, हे आमच्या साडूंनी आयुष्यात कधी मान्य केलं नाही. दोन गोष्टी समोर आल्या की त्यांतली एक पहिली आणि एक दुसरी. तिसरी आली तर तिसरी, आणि चौथीला वाईट वाटू नये म्हणून उत्तेजनार्थ. ते बांधकाम खात्यात मुकादम होते आणि कशेडी घाटात कोसळणाऱ्या दरडी उपसण्याचं काम त्यांच्या गँगकडे होतं. पण दरडसुद्धा ते नुसती उपसत नसत. मातीची, दगडांची, झाडासकट आलेली अशी तिची प्रतवारी लावत, आणि चार दिवस रस्ता अडवून बसलेल्या एका जुन्या दरडीबद्दल घरातलं माणूस गेल्यासारखे हळहळून बोलत, "तशी आता येत नाय." माझं लग्न महाडजवळच्या नाते गावात झालं. पंगतीतून उठताना कुणीतरी त्यांना सहज विचारलं, "काय मुकादम, कसं झालं कार्य?" त्यावर भर मांडवात त्यांनी निकाल जाहीर केला, "आमटी पहिली, बुंदी दुसरी, बाजावाले तिसरे. नवरा उत्तेजनार्थ." मी तोवर या गृहस्थांना ओळखतही नव्हतो. नंतर मेव्हणीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, माझी समजूत घातली. "तुम्ही मनावर घेऊ नका. माझ्या कालवणाला बारा वर्षं झाली, अजून दुसराच नंबर हाय. पहिला सासूबाईंचा, नि त्यांना जाऊन दहा वर्षं झाली."

अशा माणसाच्या पोलादपूरच्या घरात ऐंशीच्या आसपास टेपरेकॉर्डर आला. त्यांचा एक चुलत भाऊ बोटीवर नोकरीला होता, त्यानं तो आणला आणि सोबत एकच कॅसेट दिली. कॅसेट कुठल्याशा विलायती बँडची होती आणि भावानं ती दुसऱ्या कुणाच्या कॅसेटवरून उतरवून घेतली होती. बँडचं नाव वरच्या कागदावर शाईनं लिहिलेलं होतं खरं, पण एस.टी.च्या टपावर ठेवलेली बॅग वाटेत भिजली आणि नावाचा एक निळा डाग उरला. त्यामुळे हा बँड कुठला, त्यात माणसं किती आणि ती कशाबद्दल गातात, यातलं काहीही पोलादपुरात कुणाला कळलं नाही. साडूंचं इंग्रजी रस्त्यावरच्या पाट्यांपुरतं होतं. मी महाडच्या हायस्कुलात गणित शिकवत होतो, म्हणून मोठ्या आशेनं मला बोलावून घेण्यात आलं. दोन तास कान लावून बसल्यावर मला 'बेबी' आणि 'टुनाईट' एवढे दोनच शब्द लागले. साडूंच्या मनातल्या, घरच्या शिकलेल्या माणसांच्या यादीत मी त्या दिवशी खाली सरकलो असणार.

कॅसेटमध्ये अकरा गाणी होती. शब्द कळत नसल्यामुळे साडूंनीच त्यांना नावं दिली. एक शिट्टीचं, एक घंटेचं, बाई आणि बाप्या आळीपाळीनं तावातावानं गातात ते भांडणाचं, आणि ऐकताना मेव्हणीला हटकून डुलकी लागते ते पाळण्याचं. बी बाजूचं शेवटचं गाणं मात्र वेगळं होतं. सुरुवातीला नुसतीच पेटीसारखी सुरावट, मग बाईचा एकटीचा आवाज, तो हळूहळू वर चढतो, मागून ढोल येतो, आवाज आणखी वर जातो, आता अगदी माथ्यावर पोचणार असं वाटतं, आणि तिथेच टेपचं बटण 'खट्' करून वर येतं. पुढे काही नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा साडूंनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "पहिला नंबर."

ही क्रमवारी त्यांनी पुढे अतिशय शिस्तीत चालवली. ती वर्षातून एकदाच बदलायची, आणि तीही पावसाळा सरून घाटातली शेवटची दरड उपसून झाल्यावर येणाऱ्या रविवारी. स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूनं तीन नंबर आणि एक उत्तेजनार्थ लिहायचं. तो खडू मी शाळेतून आणावा असा दंडक होता. बाकी वर्षभर नुसती चर्चा. त्या चर्चेला दर रविवारी न चुकता हजर असणारा माणूस म्हणजे बाजारातला टेलर. हा उंच, सावकाश बोलणारा गृहस्थ रविवारीसुद्धा गळ्यातली मापाची टेप काढत नसे. टेलरची यादी वेगळी होती. त्याच्या मते शिट्टीचं गाणं पहिलं. साडूंनी कारण विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ह्या गाण्यावर मी अख्खी पँट शिवली रे, एक टाका वाकडा गेला नाय." साडूंनी ताबडतोब उत्तर दिलं, "मंग तो नंबर तुझ्या मशीनचा. गाण्याचा काय संबंध?"

पण खरं भांडण होतं अर्ध्या गाण्यावरून. 'अर्धं' हे नाव टेलरनंच दिलेलं. त्याचा पहिल्यापासून संशय होता की हे गाणं असं संपत नाही, भावाची टेपच संपली असणार. साडूंना हे ऐकवत नसे. बँडनं ते जाणूनबुजून तिथे सोडलं आहे, अशी त्यांची ठाम समजूत होती. टेलर म्हणे, "काज-बटण केल्याबिगर मी गिऱ्हाइकाच्या हातात शर्ट देतो काय? मंग ह्या अर्ध्याला पहिला नंबर कसा देऊ?" साडू म्हणत, "अरे, घाटात वळण आलं म्हंजे पुढचा रस्ता दिसत नाय. म्हणून पुढं रस्ता नसतो काय? तो आपण मनात धरून चालतो ना?" टेलर म्हणे, "तू चाल मनात. मला कापड लागतं हातात." हे दोन मुद्दे मी एवढ्या वेळा ऐकले की वर्गात भूमितीची सिद्धता सांगताना मधेच मला काज-बटण आठवे. साडूंना दुसरं काही नको होतं. टेलरनं फक्त एकदा, एका वर्षी, आपल्या तोंडानं अर्ध्याला पहिला नंबर द्यावा, एवढी एकच इच्छा त्यांनी मनात धरली होती. मेव्हणी म्हणायची, "दोन पोरींची लग्नं ठरवताना ह्यांचा जीव असा टांगणीला लागला नव्हता."

आपली आवड इतरांच्याही कानावर घालण्याचा त्यांचा प्रयत्न चाले. बुद्धपौर्णिमेला विहारात कर्णा लावायचं काम त्यांच्याकडे असे. कार्यक्रमाच्या आधी कर्णा नीट वाजतो का हे तपासायला म्हणून एके वर्षी त्यांनी तो घंटेच्या गाण्यावर तपासला, मग भांडणाच्या, मग अर्ध्याच्या. एवढा कसून तपासलेला कर्णा साऱ्या तालुक्यात नसेल. वस्तीतल्या एक म्हाताऱ्या आजी पायरीवर बसून शांतपणे ऐकत होत्या. खट् झाल्यावर त्या म्हणाल्या, "गाते बरी. पण मधीच उठून गेली कुठं रे ती?" टेलर हसून हसून खांबाला टेकला. साडू मात्र दोन दिवस त्या आजींशी बोलले नाहीत.

अशी पाच-सहा वर्षं गेली. मग एका मे महिन्यात पेपर तपासण्याच्या कामासाठी मी मुंबईला गेलो होतो. एक कॅसेटचं दुकान दिसलं आणि मला काय सुचलं कोण जाणे, मी आत शिरलो. बँडचं नाव तर माहीत नव्हतं. मी गल्ल्यापुढे उभा राहिलो आणि, हायस्कुलातला मास्तर आहे हे विसरून, शिट्टीचं गाणं शिट्टीवर वाजवून दाखवलं. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. दुकानदारानं मात्र डोळे मिटून ऐकलं, "ये तो बहुत पुराना है," म्हणाला आणि फळीच्या मागच्या रांगेतून कॅसेट काढली. वर फोटो होता. बँडमध्ये माणसं तीनच होती. साडू चार म्हणत आणि टेलर घंटावाला वेगळा धरून पाच. मी दुकानदाराला शेवटचं गाणं लावायला सांगितलं.

ते गाणं पुढे होतं. चांगलं दीड-दोन मिनिटं होतं. माथ्यावर गेलेला आवाज तिथून मुकाट खाली उतरतो, मग तिघंही मिळून 'ला ला ला' करतात, टाळ्या वाजवतात, आणि टाळ्या वाजवत वाजवतच लांब निघून जातात. एखाद्या शाळेच्या सहलीला शोभेल असा तो शेवट होता. मला फार वाईट वाटलं. कॅसेट घेऊच नये असं एकदा मनात आलं, घेतल्यावर ती कुणाला दाखवू नये असं आलं. पण गणिताच्या मास्तराला उत्तर माहीत असून गप्प बसवत नाही. पुढच्या रविवारी मी पोलादपूरला गेलो आणि ती साडूंच्या हातात दिली.

त्यांनी फोटो पाहिला, मागचीपुढची बाजू पाहिली आणि टेलरला बोलावणं धाडलं. स्वतःचा नंबर जाण्याची शक्यता असताना प्रतिस्पर्ध्याला बोलावून घेणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. टेलर आला, खुर्चीत बसला. साडूंनी स्वतः बटण दाबलं. पेटी झाली, बाईचा आवाज चढला, ढोल आला, माथा आला, आणि खट् झालं नाही. गाणं पुढे गेलं. ला ला ला झालं. टाळ्या झाल्या. टाळ्या विरल्यावर साडू उठले, दारापाशी गेले, अर्ध्याचा पहिला नंबर तळहातानं पुसला आणि त्याचं नाव खाली उत्तेजनार्थच्या पुढे लिहिलं. रविवार ठरलेला नसताना क्रमवारी बदलली ती तेवढी एकदाच.

"काय करतोस रे मुकादम?" टेलर एकदम उभा राहिला.

"तू बोललास ते खरं निघालं. गाणं पुरं होतं. नि पुरं झाल्यावर हे असं हाय. काज-बटण लावलं नि शर्ट गेला."

"पुरं गेलं खड्ड्यात! तुझा नंबर अर्ध्याला होता, पुऱ्याला नाय. सहा वर्षं ऐकतोय मी ते. तिथं संपायचं तेच बरं होतं. पुढचं मनात धरायचं, असं तूच सांगत होतास ना?"

"माझं चुकलं."

"तुझं चुकलं नाय. माझ्या यादीत अर्धं पहिलं. आजपासून."

ज्या वाक्यासाठी साडूंनी सहा वर्षं घालवली, ते असं आलं. आणि आलं तेव्हा साडू दुसऱ्या बाजूला जाऊन उभे होते. मेव्हणीनं दोघांपुढे चहा ठेवला आणि मला हळूच म्हणाली, "आता पुन्हा पहिल्यापासून." तसंच झालं. पुढची दोन वर्षं टेलर घाटातल्या वळणाचा मुद्दा सांगायचा आणि साडू काज-बटणाचा. एकमेकांचे मुद्दे दोघांनी इतके चांगले मांडले की मूळ मालकांनाही ते तसे कधी जमले नव्हते.

मग बाजारात तयार कपडे आले, टेलरचे डोळेही अधू झाले, आणि मुलानं त्याला डोंबिवलीला नेलं. जाताना त्यानं साडूंना एक शर्ट शिवून दिला. साडूंनी तो घालून पाहिला आणि "दुसरा नंबर" म्हणाले. टेलर फार खूश झाला, कारण पहिला कोणता असं त्यानं विचारल्यावर साडूंनी आपल्या लग्नातला शर्ट सांगितला, आणि तोही त्यानंच शिवलेला होता. त्यानंतर दर वर्षी, पावसाळा सरून घाट मोकळा झाला असेल अशा बेतानं, डोंबिवलीहून एक पोस्टकार्ड यायचं. ख्यालीखुशाली नाही, नमस्कार नाही. तीन नंबर आणि एक उत्तेजनार्थ. अर्धं पहिलं. साडू ते वाचून "अजून ऐकत नाय," म्हणत आणि दिवसभर गुणगुणत फिरत.

तिसऱ्या वर्षी कार्ड आलं नाही. मुलाचं पत्र आलं. टेलर भाद्रपदात गेला होता.

त्या वर्षी शेवटची दरड उपसून झाली, रविवार आला, मी खडू घेऊन गेलो. साडूंनी दुसऱ्या नंबरचा शर्ट घातला होता. दार पुसून स्वच्छ ठेवलं होतं, पण ते लिहीत नव्हते. मला ते बघवेना. मी म्हटलं, "दादा, माझ्या मते अर्धं पहिलं. वळणापुढचा रस्ता दिसत नसला तरी असतोच." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते सवयीनं म्हणाले, "काज-बटण केल्याबिगर शर्ट..." आणि थांबले. दाराकडे बघत म्हणाले, "हे त्याचं बोलणं हो. माझ्याजवळच ऱ्हायलं."

मग त्यांनी जुनी, भावानं दिलेली कॅसेट लावली. टेप आता घासली होती, बाईचा आवाज थरथरत होता. पेटी झाली, ढोल आला, आवाज माथ्यावर गेला आणि खट् झालं. साडूंनी माझ्या हातातून खडू घेतला, दारावर सावकाश लिहिलं, अर्धं, पहिला नंबर. आणि खडू तसाच हातात धरून माझ्याकडे वळले.

"आता तुम्ही नाय म्हणा," ते म्हणाले.

मी काज-बटणाचा मुद्दा घेऊन "नाही" म्हटलं. मला ते टेलरसारखं जमलं नाही, पण मी म्हटलं.