विमानाच्या अंगावरचे सात दसरे

पंचविशीत मी आर्वीजवळच्या एका कच्च्या धावपट्टीवर विमानाची देखभाल करायचो. विमान माझ्याहून वयानं मोठं, कापडी अंगाचं, कपाशीवर औषध फवारणारं. धावपट्टीच्या टोकाला कडुनिंबांची रांग होती. औषधाची टाकी पूर्ण भरली की विमान त्यांच्यावरून जेमतेम जाई. एकदा तर चाकात डहाळी घेऊन परतलं! मालकानं बजावलं, "यंदा भरल्या टाकीनं झाडं ओलांडली नाहीत, तर विमान भंगारात." वैमानिक पन्नाशीचा. त्याला दुसरं विमान कोण देणार होतं?

उन्हाळ्यात आम्ही सुधारणांची सभाच भरवली. वैमानिकाला मोठं इंजिन हवं होतं.

"साहेब, त्यानं नाक जड होते," आमचे म्हातारे मिस्त्री म्हणाले. "उडाचं हाय का खड्डा खोदाचा हाय?"

मग मी ऐटीत विलायती मासिकातलं चित्र उघडलं. चाकांवर थेंबाच्या आकाराची झाकणं, त्यानं वेग वाढतो म्हणे.

"वा! अन् पावसात आपली काळी माती त्याच्यात भरली का चाक फिरन का? विमान डोक्यावर उभं राहीन. साहेबाले उतरवाले शिडी तू आणजो." सगळे हसले. मी मासिक मिटलं. "पयले वजन करा," मिस्त्री म्हणाले.

सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यातला वजनकाटा बैलबंडीवर घालून आणला. शेपूट उचलून विमान सपाट केलं आणि एकेक चाक तोललं. जिनिंगचा काटेवाला कापसासारखेच आकडे पुकारत होता. सवयीनं पोत्याचं वजन वजा करायलाही निघाला! बेरीज झाली तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. कागदावरच्या वजनापेक्षा विमान तीस किलो जास्त भरलं.

सीट काढल्या, तळ झाडला. काही सापडलं नाही. शेवटी मिस्त्रींनी पंखावरचा रंग नखानं खरवडला. निळ्याखाली पिवळा, त्याखाली लाल, मग हिरवा... असे सात थर.

आम्ही सगळे धावपट्टीच्या म्हाताऱ्या चौकीदाराकडे वळलो. दर दसऱ्याला आम्ही सुटीवर गेलो की हा भला माणूस विमान धुऊन त्याला घट्ट ऑइलपेंट द्यायचा, झेंडूचा हार घालायचा. परतल्यावर त्यानं वाटलेले पेढे खाऊन आम्ही टाळ्या वाजवायचो!

"मले वाटलं, रंग देल्ला का यंत्राची उमर वाढते," तो म्हणाला आणि मटकन खाली बसला.

वैमानिक त्याच्या शेजारी मातीतच बसला. "काका, सातही वर्षं पेढे मी खाल्ले. शोभून दिसतंय म्हणालो तोही मीच."

जुनं कापड उतरवलं, नवं चढवून त्यावर पातळ रुपेरी लेप दिला. नवीन वस्तू एकच घेतली: नाकावरचा फिरता पंखा. घाटात ट्रक पहिल्या गिअरमध्ये जसा हळू पण जोरानं चढतो, तशा जातीचा. वेग थोडा गेला, पण कपाशीवर कुणाला शर्यत लावायची होती? तपासणी अधिकाऱ्यानं सगळं पाहून सही केली.

ऑगस्टात टाकी काठोकाठ भरली. विमान धावू लागलं तसा चौकीदारानं माझा हात असा आवळला की बोटं बधिर झाली. चाकं सुटली आणि विमान झाडांवरून गेलं. मधल्या मोकळ्या जागेत माणसावर माणूस उभा राहिला असता!

फवारून परतल्यावर वैमानिकानं इंजिनाच्या आवाजातच ओरडून सांगितलं, "भरा रे दुसरी टाकी!"

मी उठेपर्यंत चौकीदार टाकी भरायच्या हातपंपाशी पोचलाही होता.