ससेमिरा आणि कच्ची बाही

गिऱ्हाइकाने शिंप्यामागे तगादा लावावा, हा जगाचा रिवाज. चौकालगतच्या एकखणी दुकानातील शिंप्याने तो उलटा केला होता. कपडा एकदा अंगावर घालून दाखवल्यावाचून तो पक्की शिलाई घालीत नसे. तोवर गळा, बाह्या सारे पांढऱ्या धावदोऱ्याच्या भरवशावर. म्हणून गळ्यात टेप अडकवून तो स्वतःच लोकांना गाठी. कुणाला बँकेच्या रांगेत, तर कुणाला न्हाव्याच्या खुर्चीत, अर्ध्या दाढीवर. लोकांनी त्याचे नावच ‘ससेमिरा’ ठेवले होते. त्यालाही ते एखाद्या पदवीसारखे वाटे.

संस्कृतच्या बाईंनी मात्र त्याला कधी दाद दिली नाही. महाविद्यालयातील त्यांची नेमणूक एका व्याख्यानावर ठरायची होती, आणि त्यासाठीचा नवा कोट खुंटीवर त्यांची वाट पाहत होता.

“बाई, दोनच मिनिटं!”

“दादा, पाठ सोडा हो माझी!”

व्याख्यानाच्या दिवशी तो बटणे घेऊन परतला, तर खुंटी रिकामी.

“अक्का, कोट?”

“बाई घेऊन गेल्या. इस्त्रीसुद्धा मारून दिली मी,” थोरली बहीण ऐटीत म्हणाली.

“अगं, बाह्या कच्च्या आहेत! भर सभेत गळून पडतील, नोकरी जाईल त्यांची!”

“मग खांबासारखा उभा काय? पळ!”

सुईदोरा घेऊन तो सभागृहात शिरला आणि दारातच थबकला. बाई त्याच्याच पदवीची कुळकथा सांगत होत्या.

“झाडावर आपल्याला आसरा देणाऱ्या अस्वलाला राजपुत्रानं ते झोपेत असताना खाली ढकललं. अस्वल वाचलं, त्यानं शाप दिला. तेव्हापासून राजपुत्राच्या तोंडी एकच धोशा, ‘ससेमिरा’! ही चार श्लोकांची आद्याक्षरं. एकेक श्लोक कानी पडला, तसं एकेक अक्षर गळत गेलं.”

प्रत्येक श्लोकागणिक बाईंचा उजवा हात उंच जाई. मागून शिंपी दोन्ही हातांनी खुणावी: खाली, खाली! ‘इथंही फिटिंग!’ असे वाटून बाईंनी मान फिरवली आणि हात आणखी उंच नेला. तिसऱ्या श्लोकाला बाही सुळकन कोपरापाशी आली.

शिंपी घामाघूम होऊन व्यासपीठावर चढला.

“बाई, हात खाली घ्या म्हणत होतो मी!”

बाईंनी बाहीकडे पाहिले, मग त्याच्याकडे. ओठ थरथरले, आणि त्या खदखदून हसल्या.

“पाठ न सोडणं या अर्थाचं उदाहरण शोधतच होते, ते चालत आलं! शिवा, दादा. मी चौथा श्लोक सांगते.”

श्लोक संपला आणि गाठ बसली. “राजपुत्र शुद्धीवर आला,” बाई म्हणाल्या. टाळ्यांच्या गजरात प्राचार्य डोळे पुसत उठले.

“बाई, उद्यापासून रुजू व्हा!”

हर्षभराने बाईंनी दोन्ही हात उंचावले. डावीकडचा धावदोरा तडातडा तुटला.

“बाई,” दातांत दोरा धरूनच शिंपी म्हणाला, “दोनच मिनिटं.”